बंद करण्याआधी

सासूबाईंनी पिशवी कापली होती. मी बाजारातून आले तेव्हा त्या स्वयंपाकघरात जमिनीवर बसल्या होत्या. पुढ्यात सूप, सुपात ज्वारी आणि शेजारी मी ज्वारी भरून हवाबंद केलेली ती चंदेरी पिशवी, तोंडाशी कात्रीने सरळ कापलेली. वैशाखातली दुपार होती, पंखा गरम हवाच फिरवत होता, आणि त्या अगदी निवांत मूठभर दाणे नाकाशी नेत होत्या, मग दोन दाणे दाढेखाली फोडून बघत होत्या. "बगितलं जरा," त्या म्हणाल्या. "सुगीपास्नं बंद हाय. आत काय चाललंय कुणाला ठावं." ज्वारी उत्तम होती. टपोरी, पिवळसर पांढरी, अंगावर चमक असलेली, एकही टोका, म्हणजे धान्यातला किडा, नाही. पण पिशवी उघडली आणि तिचं काम तिथेच संपलं. आतल्या ऑक्सिजन शोषणाऱ्या पुडीत अजून जोर शिल्लक होता. आता ती आमच्या स्वयंपाकघरातली हवा ओढू लागली होती. हातात घेतली तर कोमट लागली. मी म्हटलं, "आई, ही मधेच उघडायची नसते. दोन वर्षांनी उघडायची." त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. "बगायचंच न्हाई, तर राखायचं कसं गं?"

रागाने विचारलं असतं तर मी विसरून गेले असते. त्यांनी खरोखरच विचारलं होतं.

आमची ज्वारी मंगळवेढ्याकडच्या काळ्या रानातून येते. मालदांडी. वाटणीचं शेत दीर बघतात, आणि फाल्गुनात कणसं मोडून झाली, मळणी झाली की आमच्या वाट्याची पोती सोलापूरला येतात. घरात आता खाणारी माणसं कमी, पण पोती पूर्वीसारखीच येतात; आणि ती येऊ नयेत असं कुणालाच वाटत नाही. कारण हे पीक परतीच्या पावसावर आणि जमिनीतल्या ओलीवर उभं राहतं. एका वर्षी रान पांढरंशुभ्र दिसतं, पुढच्या वर्षी कणीस भरतच नाही, नुसता कडबा हाती लागतो. सासूबाई नव्या नवऱ्या होऊन आल्या आणि लगोलग ७२ चा दुष्काळ आला. रोजगार हमीच्या कामावर खडी फोडलेले हात त्यांचे आहेत. सुकडीची चव त्या अजून सांगतात, आणि परदेशातून आलेल्या त्या लाल मिलोची भाकरी थापताना कशी तुटायची तेही. दामाजीपंतांनी उपाशी लोकांसाठी कोठारं उघडली, ही कथा आमच्याकडे कीर्तनात ऐकायची नसते, ती गावाची स्वतःची आठवण असते. त्यामुळे एका चांगल्या सुगीची ज्वारी दोन-तीन वर्षं खाण्याजोगी ठेवता आली पाहिजे, ही माझी इच्छा हौस म्हणून आलेली नाही. ती मला सासरहून मिळाली आहे.

त्यांची रीत मी लग्नानंतर बरीच वर्षं पाहिली. जुन्या घराच्या माळवदावर चैत्रात ज्वारी पसरायची. ऊन असं की अनवाणी पाऊल टेकवत नाही. सकाळी पसरलेली ज्वारी दुपारी पायाने नांगरत जायची, म्हणजे खालचे दाणे वर येतात. संध्याकाळी ढीग करून निवू द्यायचा आणि निवल्यावरच भरायची. गरम भरली तर रात्री कोठीत पत्र्याला आतून घाम फुटतो. तळाशी कडुनिंबाचा वाळलेला पाला, मधे पुन्हा एक थर, वर पुन्हा. डाळीला एरंडेलाचा हात, कडधान्याला राख. आणि मग वर्षभर त्यांचा तो हात. आठवड्याला नाही तर पंधरा दिवसांनी कोठीचं झाकण उघडायचं आणि कोपरापर्यंत हात आत घालायचा. मला त्याचं फार नवल वाटे. नंतर मी स्वतः घालून बघितला तेव्हा समजलं. धान्य वरून गार असतं, आणि आत कुठे ओल किंवा किडा असला तर तिथे ऊब लागते. बोटांना कळतं. नाकाला त्याच्याही आधी कळतं, एक गोडसर, कोंदट वास येतो. पाखरं उडायच्या कितीतरी आधी त्या म्हणायच्या, "उद्या काढू वाळवायला." हे त्यांचं राखणं. न बघता राखणं त्यांना कसं पटावं?

पण माळवद गेलं. जुळे सोलापुरातल्या आमच्या इमारतीची गच्ची सगळ्यांची आहे, तिथे पाण्याच्या टाक्या, डिशच्या छत्र्या आणि कबुतरं. एक दिवस ज्वारी पसरता येते, चार दिवस नाही. गुडघ्यांमुळे सासूबाईंना जिना चढवत नाही. आणि कितीही वाळवली तरी श्रावणात टोके निघतातच. लोक म्हणतात, झाकण नीट लावलं नव्हतं म्हणून आत शिरले. तसं नसतं. बहुतेक वेळा ते दाण्याबरोबरच येतात. मादी दाण्याला बारीक भोक पाडते, आत एक अंडं घालते आणि भोक लिंपून टाकते. वरून दाणा अखंड दिसतो. अळी आतच पीठ खाऊन वाढते, आतच कोष करते आणि उबदार हवेत महिन्या-सव्वा महिन्यात टोका होऊन बाहेर पडते. म्हणजे झाकण लावताना शत्रू आत असतो. त्याला आत यायला अडवणं पुरत नाही, आत जगू न देणं हाच उपाय. जगायला त्याला हवा लागते.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगते, कारण तिने जीव गेलेले आहेत. धान्यात टाकायच्या म्हणून कागदाच्या पुडीत हळूच हाती दिल्या जाणाऱ्या अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या घरात आणू नका. हवेतल्या ओलीने त्यांतून फॉस्फिन वायू सुटतो. तो टोक्यांना मारतो तसाच शेजारच्या खोलीत झोपलेल्या लेकराला मारतो. ते औषध गोदामांसाठी आणि प्रशिक्षण घेतलेल्या माणसांसाठी आहे, दोन खोल्यांच्या घरासाठी नाही. यावर मला कुणाशी वाद घालायचा नाही.

तर हवा. सोलापुरात पॅकिंगचं सामान शोधायला लांब जावं लागत नाही. शेंगाचटणी, कडक भाकरी, काळा मसाला, पापड यांचे घरगुती उद्योग गल्लोगल्ली आहेत, आणि त्यांना लागणाऱ्या पिशव्या, डबे, सीलिंग मशीन विकणारी दुकानं मधल्या मारुतीच्या आसपास आहेत. अशा दुकानात नव्या प्लास्टिकचा एक तेलकट वास असतो, त्यात शेजारच्या मसाल्याच्या दुकानाचा वास मिसळतो आणि दोन मिनिटांत शिंक येते. मी पिशव्या मागितल्या तर दुकानदारांनी आधी विचारलं, "ताई, किती दिवस टिकवायचंय?" मी म्हटलं, तीन वर्षं. त्यांनी हातातली पिशवी परत ठेवली. "चटणीवाले तीन म्हैनं म्हणतेत. तुम्ही वर्सं म्हणायलाव. मग ही नको." चंदेरी दिसणाऱ्या पिशव्या सगळ्या एक नसतात, हे मला त्या माणसाने शिकवलं. चटणीच्या पाकिटाचा चंदेरी थर म्हणजे फिल्मवर वाफेने चढवलेला अ‍ॅल्युमिनियमचा इतका पातळ मुलामा, की त्याची जाडी मोजायला मायक्रॉनसुद्धा मोठा पडतो. खऱ्या फॉइलच्या पिशवीत दोन फिल्मच्या मधे अ‍ॅल्युमिनियमचा सलग पत्रा असतो. लोक ज्याला मायलर म्हणतात ती पिशवी ही. बाहेर पॉलिएस्टर, मधे फॉइल, आत वितळून चिकटणारं पॉलिथीन.

दोन्ही ओळखायची रीत साधी आहे. दोन्ही पिशव्या मी अंधाऱ्या खोलीत नेल्या आणि मोबाइलचा टॉर्च आत सोडला. मुलाम्याच्या पिशवीतून उजेडाचा निळसर गोळा सरळ दिसला. फॉइलची पिशवी काळीकुट्ट. तिला घडी घालून नखाने दाबली तर घडी तशीच राहते. मुलाम्याची पिशवी पुन्हा उलगडते. टॉर्चचा आणखी एक उपयोग म्हणजे फॉइलमधली सुईएवढी छिद्रं अंधारात चांदण्यांगत चमकतात. त्या पिशव्या मी बाजूला काढते आणि त्यांत मीठ-साखर भरते. या दोन्हींना ऑक्सिजन शोषणारी पुडी लागत नाही, उलट तिने साखरेची वीट होते.

यापुढची परीक्षा मी नाकावर सोपवली. साधी पॉलिथीनची पिशवी, व्हॅक्यूमवाल्या मशीनची नायलॉनची पिशवी, चटणीचं चंदेरी पाकीट आणि फॉइलची पिशवी, प्रत्येकीत चमचाभर काळा मसाला आणि चिमूटभर हिंग घालून सील केलं, बाहेरून पुसून घेतलं आणि प्रत्येक वेगळ्या स्टीलच्या डब्यात झाकून ठेवली. दुसऱ्या दिवशी पॉलिथीनचा डबा उघडला तर डोळ्यांत पाणी आलं. दगडफूल, खोबरं, तळलेला कांदा, सगळं ओळखू येत होतं. आठवड्याने चटणीच्या पाकिटाच्या डब्यात हिंगाची पुसट चाहूल होती. नायलॉनचा डबा बराच काळ गप्प राहिला, मग तोही बोलू लागला. फॉइलच्या डब्यात नुसता स्टीलचा वास. जिथून वास बाहेर पडतो तिथून हवाही आत येते. दोन्हींचा वेग एकच नसतो हे खरं, पण चारांतली कोण कच्ची, एवढं नाकाने नक्की सांगितलं. पावसाळ्यात मग याच चारांत चुरमुरे भरून ठेवले. एरवी आपली हवा कोरडी, त्यामुळे ओलीची परीक्षा घ्यायची तर पावसाळ्यातच. पॉलिथीन हवा थोपवत नाही पण ओल बऱ्यापैकी थोपवते, हे तेव्हा कळलं. तिच्यातले चुरमुरे मला वाटले त्यापेक्षा कुरकुरीत निघाले. सगळ्यात आधी मऊ पडले ते तिच्यातलेच, पण घाई न करता. फॉइलमधले भट्टीतून आत्ता काढावेत असे.

मला हे दिवस फार आवडले. घरात कुणी आलं की त्याच्या हातात मी डबा देत असे, काही न सांगता, आणि वास घ्यायला लावत असे.

सीलचं काम मात्र नाजूक आहे. हाताने दाबायचं सीलिंग मशीन फॉइलच्या जाड पिशवीला कमी तापमानावर नुसतं चिकटवल्यासारखं करतं आणि जास्तीवर जाळतं. प्रत्येक नव्या गठ्ठ्याच्या पहिल्या पिशवीवर मी सील करून बघते, निवल्यावर दोन्ही बाजूंनी ओढते. सील सुटून वेगळं झालं तर कच्चं. पिशवीच फाटली आणि सील तसंच राहिलं तर पक्कं. मग रिकामी पिशवी हवेने फुगवून सील करायची, बादलीत बुडवून तळव्याने दाबायची आणि बुडबुडे कुठून येतात ते बघायचं. ज्वारीची धूळ सीलच्या पट्टीवर बसली की तिथून हमखास गळतं. म्हणून भरण्याआधी तोंड बाहेरच्या बाजूला दुमडायचं, भरून झालं की उलगडायचं आणि कोरड्या फडक्याने पुसायचं. एक सील पुरे असलं तरी मी दुसरं अर्धा इंच वर घेते.

पुडीत बारीक लोखंडाची पूड आणि मीठ असतं. ती गंजते, आणि गंजताना ऑक्सिजन खाते, बस्स. पाच लिटरच्या पिशवीत साधारण पावणेचार किलो ज्वारी बसते, पण दाण्यांच्या मधली हवा जवळजवळ दोन लिटर असते. तिचे २१ टक्के म्हणजे चारशे-सव्वाचारशे सीसी ऑक्सिजन. म्हणून ५०० सीसीची पुडी, आणि वरची हवा हाताने दाबून काढायची. इथे बऱ्याच जणी निराश होतात. दोन दिवसांनी पिशवी दगडासारखी आवळलेली दिसायला हवी अशी त्यांची अपेक्षा असते आणि ती थोडी सैलच दिसते. हवेतला पाचवा हिस्सा गेलाय, उरलेला नायट्रोजन आतच आहे. त्याने काही बिघडत नाही. पुड्या ताज्या आहेत याची खात्री हवी असेल तर त्यांच्या पाकिटात येणारी गुलाबी गोळी बघावी. ऑक्सिजन असला की ती निळी-जांभळी होते. पुड्यांचं पाकीट एकदा फोडलं की अर्ध्या तासात सगळं भरून व्हायला हवं, उरलेल्या लगेच घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत. हाताला भुसभुशीत लागणारी पुडी जिवंत, कडक ढेकूळ झालेली मेलेली. सिलिका जेलची पुडी हिच्यासोबत घालू नये. तिचं काम ओल ओढायचं, आणि लोखंडाला गंजायला थोडी ओल लागते.

हे सगळं मी सासूबाईंना एकदा बसून सांगितलं. त्या प्रश्नानंतर बऱ्याच दिवसांनी. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हंजे प्याव."

मला आधी समजलं नाही. मग त्या बोलू लागल्या, आणि त्या संध्याकाळी भाजी करायची राहून गेली. त्यांच्या माहेरी पांढरीत, म्हणजे गावाच्या वस्तीच्या जागेत, पेव होतं. उंच, कोरड्या जागी खणलेलं, तोंड माणूस कसाबसा उतरेल एवढं, आत खोली फुगत गेलेली. कडेने कडब्याचा आणि भुश्श्याचा जाड थर, त्यात खंडीने ज्वारी, तोंडावर फरशी, फरशीवर माती लिंपून वरून माणसं जायची-यायची. पेव भरलं की ते कुणी हात घालून बघत नसे. बघताच येत नसे. वर्ष जायचं, कधी दोन-तीन जायची. उघडायचं त्या दिवशी फरशी सरकवून सगळ्यांना लांब उभं करायचं, पोरांना तर घरीच ठेवायचं. मग दोरीने पेटता कंदील आत सोडायचा. कंदील विझला तर अजून थांबायचं. ज्योत टिकली तरच माणूस उतरायचा. घाईने उतरून परत वर न आलेल्या माणसांच्या हकिगती त्यांनी लहानपणी ऐकल्या होत्या. ज्वारी जिवंत असते, श्वास घेते. किडेही घेतात. बंद पेवात ती दोघं मिळून ऑक्सिजन संपवतात, कर्बवायू साचतो, आणि मग किडे मरतात, दाणा सुस्त पडून राहतो. आफ्रिकेतल्या शेतकऱ्यांसाठी पर्ड्यू विद्यापीठाने जी तिहेरी पिशवी काढली, आत पॉलिथीनचे दोन थर आणि बाहेर विणलेलं पोतं, तिच्यात लोखंडाची पुडी नसते. तीही याच तत्त्वावर चालते. आमच्या पूर्वजांनी ते मुरमात खणून ठेवलं होतं आणि कंदिलाने मोजत होते.

"मग पेव भरायच्या आधी काय बघायचे?" मी विचारलं. त्यांना प्रश्न आवडला. पेवाची ज्वारी कधीच पहिल्या वाळवणीची नसायची, त्यांनी सांगितलं. आजोबा स्वतः दाणा दाढेखाली फोडायचे. 'कट्ट' आवाज आला तरच भरा म्हणायचे. दाणा दबला तर परत उन्हात. मला त्या सुपाशी बसलेल्या सासूबाई आठवल्या आणि त्या नेमकं काय करत होत्या ते उमगलं. दाढेची ही परीक्षा मी आता मिठाबरोबर घेते. काचेच्या कोरड्या बरणीत ज्वारी आणि तव्यावर भाजून निवलेलं मीठ घालून हलवायचं आणि थोडा वेळ ठेवायचं. मीठ काचेला चिकटलं तर ज्वारीत पंधरा टक्क्यांहून जास्त ओल आहे. चिकटलं नाही म्हणजे झालं असं नाही. हवाबंद करायला बारा टक्क्यांच्या आत यायला हवं, पिशवीत दहाच्या जवळ असेल तर उत्तम. दीरांनी ओळखीने ओल मोजायच्या यंत्रावर नमुना बघून आणला, तेव्हा दाढ, मीठ आणि यंत्र तिघांचं एकमत झालं. सासूबाईंचा चेहरा बघण्यासारखा होता.

ओलीबद्दल मी इतकी हट्टी का, तर हवा नसलेल्या ओलसर जागी जो जंतू वाढतो त्याचं विष दिसत नाही, त्याला वासही नसतो. त्या विषबाधेला बॉट्युलिझम म्हणतात. म्हणून शेंगाचटणी मी कधीही पुडी घालून बंद करत नाही. कितीही जणींनी मागितली तरी नाही. उखळात कुटलेला कच्चा लसूण, सुटलेलं तेल आणि वर हवा नाही, हा मेळ मला नको. चटणी थोडी करावी, महिन्याभरात संपवावी, तिची खरी चव तेव्हाच असते. पिठाचंही तसंच. ज्वारीचं पीठ किती उत्तम पिशवीत ठेवलं तरी जुन्या पिठाची विरी जाते, भाकरी कडेने चिरते. ठेवायचा तो दाणा, दळायचं ते आठवड्याचं. कडक भाकरीने मात्र मला चकवलं. इतकी कोरडी वस्तू, हिच्यासाठी तर फॉइल अगदी योग्य, असं वाटलं होतं. पण पुडीने हवा ओढली, पिशवी आवळली आणि भाकरीची कडाच आतून फॉइलला टोचली. टॉर्च लावला तर ओळीने छिद्रं. देठासकट वाळलेली मिरचीही तेच करते. कडक भाकऱ्या त्यामुळे पुन्हा पत्र्याच्या डब्यात गेल्या, जिथे त्या माझ्या आजेसासूबाईंच्या काळापासून राहत होत्या.

डब्यांवरून एक सांगायचं राहतंय. रिकामे रंगाचे डबे धुऊन त्यांत गहू-ज्वारी ठेवलेली मी बऱ्याच घरांत बघते. मजबूत असतात, झाकण घट्ट, फुकट. पण ते अन्नासाठी बनवलेलं प्लास्टिक नाही, आणि रंगाचं जे प्लास्टिकमध्ये मुरलंय ते साबणाने निघत नाही. डब्यावर पेला-काट्याची खूण आणि पिशवीवर आयएस १०१४६ असा पॉलिथीनचा क्रमांक बघून घ्यावा. दुकानदाराला विचारायला संकोच करू नये. ज्याच्याकडे चटणीवाले नेहमीचे येतात त्याला हे माहीत असतंच.

पिशव्या भरल्या, पण ठेवायच्या कुठे? उन्हाळ्यात सोलापूर ४३-४४ अंशांवर जातं. भिंती रात्री अकरालाही गरम असतात. तापमान दहा अंशांनी वाढलं की अन्नाचं आयुष्य साधारण निम्म्यावर येतं, असा ढोबळ हिशेब आहे. मग वरच्या मजल्यावरच्या माळ्यावर ठेवलेल्या उत्तम पिशवीला काय अर्थ? शिवाय उंदराला फॉइल म्हणजे काहीच नाही. शेवटी उत्तरेच्या खोलीत, पलंगाच्या शेजारी, सासूबाईंची पत्र्याची कोठी परत आली. ती भंगारात द्यायची असं ठरलेलं होतं. आता तिच्यात चंदेरी पिशव्या उभ्या रचलेल्या असतात आणि झाकणावर त्यांची पांघरायची सोलापुरी चादर घडी करून ठेवलेली असते. प्रत्येक पिशवीवर मी मार्करने रान, वर्ष, कितव्या वाळवणीची, पुडी किती सीसीची ते लिहिते. तळाशी त्यांनी कडुनिंबाचा पाला घातला. मी नको म्हटलं नाही.

मला या पिशव्यांचं सगळंच आवडतं असं नाही. तीन थर एकमेकांना चिकटवलेली ही वस्तू भंगारवाला घेत नाही, ती पुन्हा कशातही सहज वितळवून वापरता येत नाही. आपल्या कडुनिंबाने आणि राखेने असा कचरा कधी केला नाही. मी पिशवी सीलच्या अगदी खालून कापते, म्हणजे दर खेपेला दोन बोटं आखूड होऊन ती पुन्हा भरता येते, आणि आखूड होत होत शेवटी तिच्यात मोहरी राहते. तेवढंच. दुसरं असं, की माझ्या मुलीने कोठीत कोपरापर्यंत हात घालून ऊब ओळखलेली नाही, आणि सगळंच पिशव्यांत गेलं तर ओळखणारही नाही. तिला टॉर्चची परीक्षा येते. पण ज्वारीची आतली ऊब ज्या हाताने कधी चाखली नाही त्याला पुढे कुणी ओलसर पोतं गळ्यात मारलं तर? म्हणून वर्षभराची आणखी एक कोठी मी मुद्दाम हवाबंद न करता ठेवली आहे, जुन्या रीतीने, पाला आणि राख घालून. ती सासूबाईंच्या ताब्यात. त्यातले टोके निवडायला आम्ही तिघी बसतो, आणि मुलगी कुरकुरत का होईना हात घालते.

त्यांचा प्रश्न मी अजून मनात घोळवते. कोठीतली ज्वारी राखायची तर वर्षभर लक्ष द्यावं लागे, आणि लक्ष द्यायला वर्षभर मिळेही. आज चुकलं तर पंधरवड्याने सावरता येई. बंद पिशवीत ते सगळं बघणं भरण्याच्या दिवसांत उरकावं लागतं. दाढ, मीठ, टॉर्च, बादली. एकदा सील केलं की माझ्या हातात काही नाही. त्यामुळे सुगीचे ते दिवस मला आता फार जड जातात. नीट झोप लागत नाही, आणि फोन वाजला की गावचा असेल असं वाटतं.

यंदा फोन आला तेव्हा दीर खळ्यावरच होते, मागे मळणी यंत्राचा आवाज. "वैनी, पोती शिवायला घेतल्यात. टेम्पो उद्या सकाळी येतोय. किती पाठवू?" मी म्हटलं, "भावजी, दाणा फोडून बघितलात?" क्षणभर नुसतं यंत्र ऐकू येत राहिलं. मग कट्ट ऐकू आलं नाही. "दबतोय थोडा," ते म्हणाले. सासूबाईंनी माझ्या हातातून फोन घेतला. "टेम्पोवाल्याला सांग न्हाई म्हणून," त्या म्हणाल्या. "आजून दोन उन्हं दे."